चौकटीतले व्याकरण

७४१६१ आणि ७४१६३ हे दोन आयसी शेजारी ठेवले, तर पाठीवर छापलेला आकडा सोडून त्यांत काही फरक दिसत नाही. दोन्हींना सोळा पाय. दोन्ही शून्यापासून पंधरापर्यंत मोजणारे चार बिटांचे काउंटर. कोणत्या पायावर काय, तेही सारखेच : पहिल्यावर क्लिअर, दुसऱ्यावर क्लॉक, नवव्यावर लोड. आराखड्यात रिकामी चौकट काढून कडेने पायांची नावे लिहिण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, तिने काढलेली दोघांची चित्रे हुबेहूब एकच येतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या एखाद्या दुकानात १६३ मागितला आणि तो संपलेला असला, तर 'मग १६१ देऊ का? काउंटरच आहे,' असे कानावर पडले तरी नवल नाही.

आता समजा, पेटीत दहा वस्तू पडल्या की पेटी बंद करणारे एक यंत्र आहे आणि मोजणीला १६३ बसवला आहे. मोजणी ९ झाली की आठाची आणि एकाची अशा दोन बिटा एकदम १ होतात. त्या दोन्ही एका नॅण्ड गेटमध्ये घालून त्याचे आउटपुट क्लिअरला जोडले, की काम झाले. १६३ मध्ये क्लिअरचा हुकूम आला तरी तो लगेच अमलात येत नाही. पुढचा क्लॉक येईपर्यंत थांबतो. म्हणून ९ हा आकडा आपला पूर्ण ठोका राहतो आणि मग ० येतो. शून्य ते नऊ, दहा स्थिती. त्याच जागी १६१ बसवला, तर क्लिअर क्लॉकची वाट बघत नाही. ९ उमटल्याबरोबर नॅनोसेकंदांच्या हिशेबात पुसला जातो. स्थिती उरतात नऊ, आणि प्रत्येक पेटीत एक वस्तू कमी जाते. आराखडा तपासणाऱ्याला चूक सापडणार नाही, कारण आराखड्यात चूक नाहीच. चित्राने जे सांगायला हवे होते ते सांगितलेले नाही.

प्रमाणित चिन्हपद्धतीत मात्र हा फरक स्पष्ट लिहिलेला असतो, आणि तोही केवळ एका अंकाने. १६१ च्या चिन्हात क्लिअरच्या पायाशी 'सीटी=०' असे असते; १६३ च्या चिन्हात '५सीटी=०'. त्या पाचाचा अर्थ ज्याला लागला त्याला ही सगळी पद्धत लागली असे मी समजतो. पण त्या पाचापर्यंत पोचण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

आकारांची चित्रलिपी

जॉर्ज बूलने १८५४ च्या ग्रंथात तर्काचे बीजगणित मांडले. क्लॉड शॅनन याने १९३८ च्या निबंधात ते रिलेच्या सर्किटांना लावून दाखवले. या दोघांना गेटच्या चिन्हांची गरज नव्हती. बूलपाशी समीकरणे होती, शॅननपाशी उघडझाप करणारे संपर्क. चिन्हांची गरज पडली ती इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे आल्यावर, जेव्हा एकाने काढलेला आराखडा दुसऱ्याने जोडायचा आणि तिसऱ्याने दुरुस्त करायचा अशी वाटणी झाली. सुरुवातीला जो तो आपापली चिन्हे काढत असे. अमेरिकी सैन्याला हे परवडणारे नव्हते, कारण त्यांच्याकडे अनेक कंपन्यांची यंत्रे येत आणि ती दुरुस्त करणारे जवान एकाच साच्यातून शिकून बाहेर पडत. मिल-एसटीडी-८०६ हे सैनिकी मानक त्या गरजेतून आले. त्याची 'बी' आवृत्ती १९६२ ची. आज आपण ज्याला ॲण्ड गेट म्हणून ओळखतो तो एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोल आकार, ढालीसारखा टोकदार ऑर, मागे जास्तीची कमान असलेला एक्स-ऑर हे सारे त्या परंपरेतले. ड्राफ्ट्समन प्लास्टिकच्या साच्याच्या पट्ट्या वापरत. भोकात पेन्सिल फिरवली की गेट तयार.

आपल्याकडच्या पदविका आणि पदवीच्या वर्गांत आजही हेच आकार शिकवले जातात. मॉरिस मानो असो, माल्विनो असो की आर. पी. जैन, पुस्तकांतून येतात ते हेच. त्याचे कारणही उघड आहे. डोळा आकार ओळखतो, वाचावे लागत नाही. पानभर पसरलेल्या आराखड्यात ढालीचा आकार दुरून दिसतो.

या पद्धतीची खोट वेगळ्या ठिकाणी आहे. आकार थोडे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ५४०० मालिका १९६४ मध्ये आली, स्वस्त प्लास्टिकच्या आवरणातली ७४०० मालिका १९६६ मध्ये. आणि पुढच्या काही वर्षांत एका आयसीत चार गेटऐवजी काउंटर, शिफ्ट रजिस्टर, डीकोडर, गणित करणारे एकक असे कायकाय मावू लागले. काउंटरला कोणता आकार द्यायचा? आतली सगळी गेटे काढली तर एका आयसीलाच पान पुरत नाही. न काढता चौकट ठेवली तर ती मुकी राहते. १६१ आणि १६३ चा घोळ या मुक्या चौकटीतून होतो.

एक, अनेक, नेमके एक

युरोपात वाट निराळी होती. जर्मनीच्या डीआयएन मानकात काही काळ अर्धवर्तुळे होती, पण आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने, म्हणजे आयईसीने, चौकोनी चौकट धरली आणि अर्थ चौकटीच्या आत लिहायचे ठरवले. त्यांचे ११७-१५ हे प्रकाशन १९७२ चे. अमेरिकेत १९७३ च्या वाय३२.१४ या मानकात चौकटीची पद्धत प्राथमिक स्वरूपात शिरली. मग १९८३ मध्ये आयईसी ६१७-१२ आणि १९८४ मध्ये अमेरिकेचे आयईईई ९१ ही दोन मानके एकमेकांशी जुळवून निघाली. या विवेचनाचा खरा विषय आहेत ती ही शेवटची दोन मानके.

चौकटीत लिहायचे ते काय? येथे मला या पद्धतीतली पहिली सुंदर गोष्ट दिसते. गेटचे नाव लिहायचे नाही. इनपुटांपैकी किती १ असले म्हणजे आउटपुट १ होईल, तेवढेच लिहायचे. ऑर म्हणजे '≥१' : निदान एक. एक्स-ऑर म्हणजे '=१' : नेमके एक. बहुमताचे गेट म्हणजे 'निम्म्याहून जास्त'. ॲण्डसाठी मात्र '&' हे परिचित चिन्ह ठेवले. आणि एकच इनपुट असलेल्या बफरला नुसता '१'.

हा काही नुसता लेखनाचा सोपेपणा नाही. पुस्तकांतल्या एका जुन्या गोंधळाची यातून सोडवणूक होते. तीन इनपुटांचे एक्स-ऑर घ्या. तिन्ही १ असताना आउटपुट काय? अनेक विद्यार्थी 'एक्सक्लूसिव्ह' या शब्दावरून ० म्हणतात. दोन एक्स-ऑर एकापुढे एक जोडून पाहिले तर उत्तर १ येते. शब्द एक, क्रिया दोन. प्रमाणित पद्धतीत ही दोन वेगळी चिन्हे आहेत : '=१' म्हणजे नेमके एक, आणि विषम संख्येसाठी '२के+१'. तीन इनपुटांना पहिले ० देते, दुसरे १. मागे कमान काढलेल्या ढालीला हा भेद सांगता येत नाही. ती चित्र आहे, विधान नव्हे.

बबल आणि अर्धा बाण

आता नकार. आउटपुटावर किंवा इनपुटावर काढलेले छोटे वर्तुळ, वर्गात सगळे त्याला बबलच म्हणतात, दोन्ही पद्धतींत आहे. पण त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात अर्धवट असतो. बबल सांगतो तो दोन तार्किक स्थितींमधला संबंध : चौकटीच्या आत १ असेल तेव्हा बाहेर ०. तारेवर प्रत्यक्ष व्होल्टेज किती, याबद्दल बबल काही बोलत नाही. त्यासाठी आधी एक करार लागतो, की या संपूर्ण आराखड्यात १ म्हणजे वरची पातळी (किंवा उलट). ७४०० हे नॅण्ड आहे असे आपण म्हणतो ते वरच्या पातळीला १ मानून. खालच्या पातळीला १ मानले तर तोच आयसी, तीच सिलिकॉनची चकती, नॉर होते.

हा करार नको असेल तर दुसरे चिन्ह आहे : रेषेवरचा छोटा अर्धा बाण. तो म्हणतो, बाहेर खालची पातळी असली की आत १. येथे प्रत्येक पायाचा स्वतंत्र हिशेब होतो, सगळ्या आराखड्याला एक नियम लावावा लागत नाही. एका आराखड्यात बबल आणि अर्धा बाण यांची सरमिसळ करायची नाही, एवढे पथ्य.

बबलच्या जागेवरून आठवले. ऑगस्टस डी मॉर्गन, ज्याचे सूत्र आपण बारावीनंतर घोकतो, त्याचा जन्म मदुराईचा, १८०६ सालचा. त्याच्या सूत्राने नॅण्ड दोन तऱ्हांनी काढता येते : आउटपुटावर बबल असलेले ॲण्ड, किंवा इनपुटांवर बबल असलेले ऑर. सत्यसारणी एकच, पण सांगणे वेगळे. यंत्राच्या दोन झाकणांचे दोन स्विच आहेत, झाकण उघडले की तार खालच्या पातळीला जाते आणि मोटर थांबवायची आहे. हे 'दोन्ही झाकणे बंद असली तरच थांबा-संकेत नाही' असे काढता येईल. पण 'यातले एक जरी उघडले तरी थांबा' असे काढले, म्हणजे बबल लावलेले ऑर काढले, तर वाचणाऱ्याला हेतू कळतो. चिन्हाने क्रिया दाखवावी की हेतू? चांगला आराखडा काढणारा हेतूकडे झुकतो, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. मानकही आड येत नाही. ७४१३८ हा आयसी त्याचे उदाहरण. तीन बिटांवरून आठांपैकी एक तार निवडायची असेल तर त्याला डीकोडरचे चिन्ह द्या, एक संकेत आठांपैकी निवडलेल्या ठिकाणी पाठवायचा असेल तर डीमल्टिप्लेक्सरचे. पाय तेच, चिन्हे दोन, दोन्ही अधिकृत.

आकड्याचा प्रत्यय

आता त्या पाचाकडे.

'मांजराने उंदराला पकडले' हे वाक्य 'उंदराला मांजराने पकडले' असे फिरवले तरी उंदराची सुटका होत नाही. कोणी कोणाला हे शब्दांच्या जागेवर अवलंबून नाही. ते 'ने' आणि 'ला' या प्रत्ययांवर आहे. शब्द आपला संबंध अंगावर घेऊन हिंडतो. आयईसीने काउंटर आणि रजिस्टरांच्या चौकटीत हीच युक्ती केली. आतली गेटे, आतल्या तारा काहीही काढायचे नाही. जो पाय दुसऱ्यांवर सत्ता चालवतो त्याला एक अक्षर आणि एक अंक द्यायचा. ज्याच्यावर सत्ता चालते त्याच्या नावामागे तो अंक लावायचा. अक्षर सांगते सत्ता कोणत्या प्रकारची, अंक सांगतो कोणाची कोणावर. इंग्रजीत याला डिपेन्डन्सी नोटेशन म्हणतात. मराठीत 'अवलंबन-लेखन' म्हणायला हरकत नाही, पण मला विभक्तीच जवळची वाटते.

सत्तेचे प्रकार अकरा. जी म्हणजे ॲण्डचे नाते, व्ही म्हणजे ऑरचे, एन म्हणजे उलटवण्याचे. झेड म्हणजे आतल्या आत जोडलेले. एक्स म्हणजे दोन्ही दिशांनी वाहणारी वाट उघडणारा. एस आणि आर म्हणजे सेट आणि रिसेट. ईएन म्हणजे चालू-बंद करणारा. एम म्हणजे पद्धत निवडणारा, ए म्हणजे स्मृतीतला पत्ता. आणि सगळ्यांत कामाचा सी : केव्हा, हे ठरवणारा, बहुधा क्लॉक.

सगळ्यांत लहान उदाहरण ७४७४, दोन डी फ्लिप-फ्लॉपांचा आयसी. चौकटीत डाव्या बाजूला चार नावे : एस, सी१, १डी, आर. डीच्या मागे १ आहे, म्हणजे डी हा सी१ च्या हुकमात. क्लॉक आल्याशिवाय त्याचे म्हणणे ऐकले जात नाही. एस आणि आर यांच्यामागे अंकच नाही. ते कोणाची वाट पाहत नाहीत. पाठ्यपुस्तकात यासाठी अर्धे पान 'असिंक्रोनस इनपुट' या मथळ्याखाली खर्ची पडते; येथे अंक नसणे हेच विधान आहे. (शून्याला किंमत देणाऱ्या देशात हे समजायला जड जाऊ नये.) क्लॉकच्या पायाशी आतल्या बाजूला लहान त्रिकोण असेल तर तो कडेवर, म्हणजे पातळी बदलण्याच्या क्षणी, काम करतो. ७४७५ च्या लॅचमध्ये तेच सी१, तेच १डी, पण त्रिकोण नाही : सी वर असेपर्यंत दार उघडे.

७४७६ हे याहून बोलके. जुन्या ७४७६ मध्ये जेके फ्लिप-फ्लॉप मास्टर-स्लेव्ह जातीचा आहे. क्लॉक वर असताना आतला मास्टर ऐकतो आणि क्लॉक खाली आल्यावर आउटपुट बदलते. मधल्या काळात जे आणि के स्थिर ठेवावे लागतात, नाहीतर भलताच संकेत पकडला जातो. ७४एलएस७६ए मध्ये त्याच क्रमांकाखाली कडेवर चालणारा फ्लिप-फ्लॉप आहे. पाय सारखे. चिन्हे वेगळी : पहिल्याच्या आउटपुटांशी काटकोनासारखी एक खूण, 'बदल लांबणीवर', दुसऱ्याच्या क्लॉकशी त्रिकोण. क्रमांकावर विसंबणाऱ्याला फसवणारा हा भेद चौकटीने लपवलेला नाही.

आणि १६३? त्याच्या वरच्या भागात, ज्याला सामाईक नियंत्रणाचा भाग म्हणतात, पहिली ओळ 'सीटीआर डीआयव्ही १६' : सोळाने भागणारा काउंटर. लोडच्या एकाच पायाला दोन नावे, एम१ आणि एम२. तो खाली असेल तर पद्धत १, वर असेल तर पद्धत २. परवानगीचे दोन पाय जी३ आणि जी४. क्लॉकच्या पायाशी 'सी५/२,३,४+'. तिरप्या रेषेच्या दोन बाजूंना दोन कामे. डावीकडे : हा पाय ५ लावलेल्या सगळ्यांचा वेळ ठरवतो. उजवीकडे : पद्धत २ असताना, जी३ आणि जी४ दोन्ही १ असताना, एकाने वाढ. खाली चार बिटांच्या चौकटी, त्यांत पहिलीत '१,५डी' : पद्धत १ असेल आणि सी५ चा क्षण येईल, तेव्हा बाहेरचा आकडा आत घे. पुढच्या तिघांत ते पुन्हा लिहायचे नाही, समजून घ्यायचे. क्लिअरशी '५सीटी=०' : सी५ च्या क्षणी मोजणी शून्य कर. १६१ मध्ये ५ नाही, म्हणून क्षणाची वाट नाही.

यात आणखी एक बारकावा सापडतो, जो मला स्वतःला माहितीपत्रकातल्या मजकुरापेक्षा या चिन्हातून आधी कळला. हातच्याच्या आउटपुटाशी '३सीटी=१५' असे आहे. म्हणजे मोजणी १५ झाली, तरी जी३ असल्याशिवाय हातचा बाहेर पडत नाही; जी४ चा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही. परवानगीचे पाय दोन का, एकाने भागले नसते का, हा प्रश्न काउंटर एकापुढे एक जोडताना प्रत्येकाला पडतो. उत्तर त्या तिनात आहे : जी३ हा हातच्याच्या साखळीतला दुवा आहे, जी४ नाही.

चौकटींच्या रचनेलाही नियम आहे. दोन चौकटी चिकटवून काढल्या आणि मधली रेषा संकेताच्या वाटेने जाणारी असली, तर त्यांच्यात काही जोड नाही. ती वाट अडवणारी असली, तर निदान एक जोड आहेच. एवढ्या एका संकेताने आतल्या शेकडो तारा वाचतात.

तडजोड आणि पुढचे

एवढी नेमकी भाषा सर्वत्र रुळली का? नाही. १९८४ च्या मानकातच तडजोड लिहिलेली आहे : वेगळ्या आकारांची जुनी चिन्हे पसंतीची नसली, तरी ती वापरणे मानकाच्या विरोधात समजू नये. फक्त ती चौकटींच्या आत घुसवून मोठी मिश्र चिन्हे बनवू नयेत, असे आयईसीने सुचवले. अमेरिकी अभियंत्यांनी ढाल आणि कमान सोडली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या माहितीपुस्तकांत चौकटीची चिन्हे पानोपानी छापली, त्यांच्या स्पष्टीकरणाचे प्रकरण जोडले, आणि आजही ७४ मालिकेच्या अनेक माहितीपत्रकांत चिन्हाखाली त्या दोन मानकांचा उल्लेख वाचायला मिळतो. पण आराखडे काढणाऱ्यांचे हात जुन्याच वळणाने गेले.

दोष केवळ सवयीचा नव्हे. दोन इनपुटांच्या नॅण्डसाठी चौकट, '&' आणि बबल हे वाचावे लागते; आकार दिसतो. ज्या पानावर साठ गेटे आहेत त्या पानावर हा फरक थकवणारा आहे, आणि तेथे सैनिकी साच्याची पट्टी काढणाऱ्यांचे बरोबर होते असेच मी म्हणेन. दुसऱ्या टोकाला मायक्रोप्रोसेसर. त्याचे व्याकरण चौकटीत लिहायचे तर अंकांची अशी गर्दी होते की वाक्य लागतच नाही. मानकाने तेथे हात टेकले आणि ग्रीक फाय अक्षराची सोय केली. फाय लिहिलेली चौकट म्हणजे 'आत बरेच काही आहे, सगळे येथे सांगितलेले नाही'. अवलंबन-लेखनाचा खरा मुलूख या दोन टोकांच्या मधला : काउंटर, रजिस्टर, डीकोडर. आणि १९८० च्या दशकात मानक छापून येईतो नेमका हाच मुलूख ओसाड पडायला लागला होता, कारण असले आयसी जोडून यंत्रे बांधण्याऐवजी सगळे एकाच चकतीत घालण्याचे दिवस येत होते. चकतीतला आराखडा चित्राने काढणे लवकरच अशक्य झाले. व्हेरिलॉग ही वर्णनभाषा १९८४ च्या सुमाराची, म्हणजे आयईईई ९१ च्याच वयाची. व्हीएचडीएल १९८७ मध्ये मानक झाली.

व्हेरिलॉगमध्ये १६१ आणि १६३ लिहून पाहण्यासारखे आहेत. दोन्हींचा मजकूर जवळजवळ सारखा येतो : क्लिअर असेल तर शून्य, लोड असेल तर बाहेरचा आकडा, परवानगी असेल तर एकाने वाढ. या मजकुराच्या वर कंसात एक यादी असते, कोणत्या तारा बदलल्या म्हणजे खालचा मजकूर जागा व्हावा याची. १६३ च्या कंसात फक्त क्लॉक. १६१ च्या कंसात क्लॉक आणि क्लिअर. क्लिअरचे नाव तेथे घालायचे विसरले की १६१ चा १६३ होतो, आणि दहाच्या पेटीचे गणित पुन्हा तपासावे लागते.